मधूनमधून एक 'नाही'

डॉ. हिंदुराव सातव यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी आज कितीही मोठा डॉक्टर झालेला असो, एक प्रश्न कानावर पडला की तो अजून दचकतो. "वाचलंत, की नुसतं पाहिलंत?" सर औषधशास्त्र शिकवायचे. संशोधनाचा लेख वाचून आलो म्हणून कुणी उभा राहिला, की चष्मा कपाळावर चढवून ते अगदी मऊ आवाजात हे विचारायचे, आणि तो मऊपणाच जास्त झोंबायचा. "अहो, तक्त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? नाही माहीत? म्हणजे पाहिलंत. पाहायचं तर आमच्या गोठ्यातली म्हैसही पाहते." सर मूळचे वाघोलीचे, घरचा गोठा होता, त्यामुळे म्हैस कायम हाताशी असायची. वर्ग खो खो हसायचा आणि उभा असलेला पोरगा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा.

त्या गोठ्याच्या जागी आता पार्किंग आहे. भावांनी जमीन बिल्डरला दिली आणि सरांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा ऐसपैस फ्लॅट आला. निवृत्तीनंतर सुरुवातीला लोक सल्ला विचारायला यायचे, मग नुसते फोन यायला लागले, मग दिवाळीचे मेसेज, तेही एकाच वेळी शंभर जणांना पाठवता येतात तसले. सरांनी हे मनाला लावून घेतलं नाही असं ते सांगायचे. बायको मथुराबाई मात्र सांगायच्या, "लागतंय की. फोन वाजला की हातातला घास टाकून पळत्यात."

अशात एका सकाळी नीरजाचा फोन आला.

नीरजा वानखडे ही सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. अकोल्याहून पुण्यात आलेली, अबोल आणि चिवट. तिचा प्रबंध सरांनी लाल पेन्सिलीनं रंगवून इतक्यांदा परत केला, की इतर मुलींनी तिला मार्गदर्शक बदलायचा सल्ला दिला होता. तिनं बदलला नाही. सरांची सही ज्या कागदावर आहे त्याला जगात कुणी हात लावणार नाही, असं ती म्हणायची आणि सरांना ते आडून आडून कळलंही होतं. आता ती खराडीतल्या एका कंपनीत नोकरीला होती.

काम असं होतं. औषधांवर जगात इतके लेख छापले जातात, की ते वाचायला माणसं पुरत नाहीत. म्हणून कंपनीनं एआयला कामाला जुंपलं होतं. लेख द्यायचा, आणि त्यातून यंत्रानं आकडे उपसून काढायचे: किती मुलांना औषध दिलं, किती जणांच्या अंगावर पुरळ उठलं, किती जणांना औषध बंद करावं लागलं. सगळ्या लेखांचे आकडे एकत्र करून डॉक्टरांसाठी एक मोठा आढावा तयार व्हायचा होता. फेफऱ्यावरच्या औषधांनी लहान मुलांना काय काय त्रास होतो, याचा. पण यंत्रानं काढलेल्या आकड्यावर विसंबायचं किती? ते ठरवायला दोन जाणती माणसं हवी होती. दोघांनी एकमेकांशी न बोलता लेख वाचायचा, यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडायचा, आणि बरोबर असेल तर हिरवं 'हो', चूक असेल तर लाल 'नाही' दाबायचं. दोघांचं जुळलं तर निकाल पक्का. नाही जुळलं तर तिसऱ्याकडे.

"एक मी आहे," नीरजा म्हणाली. "दुसरे तुम्ही असाल तर मला कसलीच काळजी नाही."

"म्हणजे शेवटी यंत्रालाही मास्तर लागलाच," सर म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी मथुराबाईंकडे दुसरा चहा मागितला. दुसरा चहा ते फक्त खुशीत असले की मागत.

आता एक गोष्ट नीरजाला ठाऊक नव्हती. कुणालाच नव्हती, मथुराबाईंना अर्धीमुर्धी होती. सरांच्या डोळ्यांपुढे ऐन मधोमध एक मळकट डाग येऊन बसला होता. कडेचं सगळं दिसे. रस्ता, माणसं, जिना, ताटातली वाटी. पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नेमकं पुसट होई, आणि सरळ ओळी मध्येच वाकत. याचा अर्थ काय हे डॉक्टर माणसाला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, म्हणूनच ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नव्हते. बुधवार पेठेतून त्यांनी गुपचूप एक मोठं भिंग आणलं होतं. ते टेबलाच्या खणात रुमालाखाली असे. पेपर ते रोज हातात धरत आणि पानंही वेळेवर उलटत.

"डोळ्याला दाखवा की एकदा," मथुराबाई म्हणायच्या.

"दाखवीन. पळून जातायत का डोळे?"

"जातायत म्हणूनच म्हनतीया."

नीरजानं घरी येऊन टॅब्लेट लावून दिला, खातं उघडून दिलं, पासवर्डही तिनंच घातला. पहिल्या काही लेखांना सर इमानानं भिडले. भिंग लावलं, अक्षर मोठं केलं. पण लेख जुने, झेरॉक्ससारखे काळपट, आणि तक्ता मोठा करावा तर रांगेचं नाव पडद्याबाहेर निघून जाई. आकडा दिसे तेव्हा तो कुणाचा हे कळेना, नाव शोधून परत यावं तर आकडा हरवलेला. एका तक्त्यात अख्खी दुपार गेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शेवटी त्या आकड्यावर सरांनी 'हो' दाबलं. यंत्राचं बरोबर असणारच, एवढा खर्च करून केलंय. शिवाय नीरजा आहेच की, तिच्या नजरेतून काय सुटतंय? काही राहिलंच तर ती पकडेल.

एकदा पाय घसरला की पुढचं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ते उघडले आणि 'हो' म्हटलं. तिसऱ्या दिवशी उघडायचंही मनावर घेतलं नाही. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या टाकण्यावर लाल पेन्सिल ओढली, ते सातव सर आता खिडकीपाशी बसून अगदी कारकुनी शांतपणे पाट्या टाकत होते.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ. पण एक दिवस त्यांच्या मनात आलं, की ओळीनं सगळीकडे 'हो' दिसणं बरं नाही. संशय येईल. सातव सरांनी एवढे लेख तपासले आणि एकही चूक निघाली नाही? हे कोण मानेल? मग त्यांनी मधूनमधून एक 'नाही' ठेवून दिला. कुठल्याही लेखात, बोट जाईल तिथे. आपण काय करतोय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, त्या डागाची तिथे काही आडकाठी नव्हती. त्या रात्री जेवताना ते मथुराबाईंच्या नजरेला नजर देईनात. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून उगाच कुरकुरले, तेही खरं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता काम संपलं, आणि नीरजाचा आनंदानं फुललेला फोन आला. कंपनीत सगळ्यांना बोलावलंय. निकाल फार सुंदर आलाय.

"सुंदर म्हणजे?"

"आपलं दोघांचं जवळजवळ सगळीकडे एकमत आहे, सर! असं कधी होत नाही म्हणे."

सरांनी फोन ठेवला. त्यांनी लेख वाचले नव्हते, नीरजानं वाचले होते, तरी एकमत? 'हो'चं समजू शकतं, यंत्र खरंच चांगलं असेल. पण ते 'नाही'? आंधळ्यासारखे टाकलेले ते 'नाही', ते कसे जुळले? क्षणभर त्यांना असंही वाटलं, की आपलं बोट नेमकं चुकीवरच पडत गेलं असेल. माणूस स्वतःला वाचवायला काहीही मानायला तयार होतो. सर स्वतःच्या विद्वत्तेला इतकं मानत, की त्यांनी हेसुद्धा खराडी येईपर्यंत मानलं.

कंपनीच्या काचेच्या खोलीत शुभंकर नावाचा तरुण इंजिनिअर सगळ्यांचं स्वागत करत होता. यंत्र त्याच्याच चमूनं बनवलेलं. मुलगा गुणी होता, सरांना वाकून नमस्कार केला. "सर, यू हॅव नो आयडिया, तुम्ही आमचं केवढं काम केलंय," तो म्हणाला. चहा आला, बिस्किटं आली, नीरजा सरांच्या शेजारी बसली. तिनं नवी साडी नेसली होती, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला नेसतात तशी.

"आता मला एकच शिकायचंय," शुभंकर म्हणाला. "तुम्ही दोघांनी जिथे 'नाही' म्हटलंय ना, तिथे आमचं मॉडेल काय मिस करतंय तेच आम्हाला कळत नाहीये. आख्ख्या टीमनं डोकं लावलं. एक केस दाखवतो." त्यानं काहीतरी दाबलं आणि समोरची भिंत उजळली.

भिंतभर तक्ता उभा राहिला. एकेक अक्षर वितीएवढं, रांगांची नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, सगळं एका नजरेत. आणि सरांना वाचता आलं. कितीतरी महिन्यांनी, भिंगाशिवाय, पाण्याशिवाय, त्यांना एक अख्खा तक्ता वाचता आला. पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. लहान मुलासारखे ते डावीकडून उजवीकडे वाचत गेले. मग अर्थ लागला.

"मॉडेल म्हणतंय, औषध बेचाळीस मुलांना दिलं," शुभंकर सांगत होता. "पेपरमध्ये पण आम्हाला बेचाळीसच दिसतंय. पण तुम्ही दोघंही म्हणालात, नाही. असं काय दिसलं सर तुम्हाला, जे आम्हाला दिसत नाही?"

बेचाळीसच होते. भिंतीवर ढळढळीत बेचाळीस. यंत्र बरोबर होतं.

"मी सांगते," नीरजा म्हणाली. "खाली बारीक टीप आहे बघा. दोन मुलं मध्येच सोडून गेली. म्हणजे औषध खरोखर पूर्ण घेतलं ते चाळीस जणांनी. मीसुद्धा आधी नुसतं पाहिलं होतं, पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं. सरांनी ते पहिल्याच फेरीत पकडलं. हो ना, सर?"

टीप भिंतीवर होती, सरांनी ती वाचली. दोन मुलं गेली होती खरी, पण ती दुसऱ्या गटातली. पोरीनं सरांचा 'नाही' खरा ठरवण्यासाठी लेखात नसलेली चूक शोधून काढली होती. शोधून काढली होती असं नव्हे, तिला ती खरोखर दिसली होती. सरांनी 'नाही' म्हटलंय ना, म्हणजे असणारच, या विश्वासानं ती पुन्हा पुन्हा बघत राहिली असणार, दिसेपर्यंत.

सगळे सरांकडे पाहत होते. सर म्हणाले, "हं."

एवढंच म्हणाले. मान जराशी हलवली. तेवढ्यानं वेळ निभावली. "वॉव," शुभंकर म्हणाला आणि त्यानं ते टिपून घेतलं. "हे तर मॉडेलला शिकवलंच पाहिजे." म्हणजे आता यंत्रही शिकणार होतं, नसलेली चूक पाहायला. सरांनी चहाचा कप उचलला, पण न पिताच परत ठेवला.

पुढचं पान आलं ते शुभंकरला दाखवायचं नव्हतं, त्याच्या बोटानं चुकून आलं. दुसरा लेख, दुसरा तक्ता. सरांचे डोळे आता भुकेले होते, ते वाचतच सुटले. औषध घेतलेली मुलं, त्यातल्या एकतीस जणांच्या अंगावर पुरळ. औषध नसलेली नुसती साधी गोळी घेतलेली मुलं, त्यातल्या चौघांच्या. शेजारी यंत्राचं उत्तर होतं: औषधाची मुलं, चार. साध्या गोळीची, एकतीस. यंत्रानं रांगा उलट्या वाचल्या होत्या. ज्या औषधानं पोरांच्या अंगाची सालटी निघायची, ते या हिशेबानं साध्या गोळीपेक्षाही निरुपद्रवी ठरत होतं. आणि खाली दोन हिरव्या चौकटी शेजारी शेजारी: सातव, हो. वानखडे, हो.

शुभंकर पान बदलायला लागला.

"थांबा," सर म्हणाले. "ते राहू द्या."

पान राहिलं.

"हे चूक आहे. रांगा उलट झाल्यात. हे पुढे गेलं तर कुठल्या तरी गावातला डॉक्टर हे औषध पोरांना बिनघोर देईल."

शुभंकरनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "पण सर... इथे तुम्ही दोघांनी 'हो' म्हटलंय."

"मी वाचलंच नव्हतं."

खोलीत कुणालाच हे नीट ऐकू आलं नसावं, कारण कुणी हललं नाही. सरांना पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेलं. "मी हे वाचलं नव्हतं. हेच काय, बहुतेक काहीच नाही. मला दिसत नाही. बारीक अक्षर कित्येक महिने दिसत नाही. मी नुसतं..." पुढचा शब्द त्यांचा स्वतःचा होता, जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारलेला, आणि तो तोंडातून निघता निघेना. "नुसतं पाहिलंही नाही. बटण दाबलं. आणि ते मघाचे 'नाही', ते उगाच आहेत. संशय येऊ नये म्हणून टाकलेले. बेचाळीस म्हणजे बेचाळीसच. तुमचं यंत्र बरोबर आहे. त्याला काही शिकवू नका."

लाज वाटणं म्हणजे काय, हे सरांना आजवर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच माहीत होतं. आता कानाच्या पाळ्या तापल्या, हात कुठे ठेवावेत कळेना. जिथे पाहावं तिथला चेहरा तो डाग झाकून टाकत होता, आणि त्याबद्दल त्या क्षणी त्यांना बरंच वाटलं.

शुभंकर हळूच नीरजाकडे वळला. "पण मॅम, तुमचं पण इथे 'हो'..."

नीरजा साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. "माझं आधी 'नाही' होतं," ती म्हणाली. "रांगा उलट्या आहेत असं मी लिहिलंही होतं. मग मी सरांचं उत्तर पाहिलं. पाहायचं नव्हतं, ठाऊक आहे मला. पण खातं मीच उघडून दिलेलं, पासवर्ड मला माहीत होता. म्हटलं, फक्त खात्री करून घ्यावी. सरांचं 'हो' होतं. म्हणून मी माझं पुसलं. जिथे जिथे वेगळं आलं तिथे पुसलं. मला वाटलं, मलाच नीट वाचता येत नाही."

दोन परीक्षक म्हणून कंपनीनं मांडलेले, त्यातला एक यंत्राच्या मागे उभा होता आणि दुसरी त्या पहिल्याच्या मागे. वाचलं होतं ते एकटीनं, आणि तिचंच वाचलेलं पुसलं गेलं होतं.

शुभंकर रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "इट्स ओके, सर. होतं असं. आपण सगळं पुन्हा करून घेऊ, दुसऱ्या कुणाकडून. तुम्ही टेन्शन नका घेऊ." आणि बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली. ती सरकवताना त्यानं ती त्यांच्या हाताला लागेल इतकी जवळ आणली, आंधळ्या माणसाला देतात तशी.

परतताना नीरजानंच गाडी काढली. नगर रोडवर नेहमीसारखी कोंडी होती. सरांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा नुसता घसा साफ केला.

"नीरजा," शेवटी ते म्हणाले. "तुझी नोकरी..."

"बघू, सर."

"मी उद्या त्यांना पत्र लिहितो. चूक माझी आहे म्हणून. तू सांगशील तसं लिहितो."

"पासवर्ड मी वापरला, सर. ते माझंच आहे." सिग्नल हिरवा झाला, पण पुढची बस हलली नाही. "डोळ्यांचं मला सांगायचंत. मी वाचून दाखवलं असतं. रोज आले असते."

सरांना हे ऐकवेना. ती आली असती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, खराडीहून वाघोलीला, तक्रारीचा शब्द न काढता. आणि नेमकं तिलाच सांगायची त्यांना लाज वाटली होती. कारण तिनंच त्यांना सगळ्यांत मोठं मानलं होतं.

वाघोली आली. सोसायटीच्या दाराशी तिनं गाडी थांबवली, पण लगेच दार उघडायला उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"माझा प्रबंध. तो तुम्ही वाचला होता ना?"

सरांच्या डोळ्यांपुढे ती जाड वही आली. तेव्हा डोळे शाबूत होते. सुट्टीच्या दिवसांत गच्चीवर बसून त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली होती, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. तिसऱ्या प्रकरणात तिनं उंदरांच्या वजनाचा एक हिशेब इतका देखणा मांडला होता, की सरांनी पेन्सिल खाली ठेवली होती आणि मथुराबाईंना हाक मारून सांगितलं होतं, ही पोरगी माझ्या पुढे जाणार. तिला मात्र ते कधी सांगितलं नव्हतं. तिला फक्त लाल खुणा दिल्या होत्या.

"वाचला होता," सर म्हणाले. "अक्षर न् अक्षर. तिसऱ्या प्रकरणात तू उंदरांच्या वजनाचं..."

"राहू दे, सर."

"नाही, ऐक ना, मी खरंच..."

नीरजानं समोर बघतच मान हलवली.

"हो, सर," ती म्हणाली.

सरांनी तो 'हो' लगेच ओळखला. उन्हाळाभर त्यांनी तोच तर दाबला होता.